वॉशिंग्टन राज्यात शाळेच्या लेव्हीला पाठिंबा कसा द्यायचा: मराठी पालकांसाठी

रेडमंड, समॅमिश, बॉथेल, बेलव्यू या भागात राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला दर काही वर्षांनी जानेवारीच्या शेवटी टपालात एक मतपत्रिका येते. त्यावर ना राष्ट्राध्यक्षाचं नाव असतं, ना राज्यपालाचं. असतो फक्त शाळांसाठी घरपट्टीतून पैसे घ्यावेत का, हा प्रश्न. मतदारांनी ठरावीक वर्षांसाठी मंजूर करायच्या या कराला इथे लेव्ही म्हणतात. बरीच पाकिटं फ्रिजवर तशीच राहतात. फेब्रुवारीच्या निवडणुकीत मतदान मुळातच कमी होतं, त्यामुळे ‘हो’ म्हणणाऱ्यांनी पाकीट परत न पाठवणं हाच लेव्हीला सगळ्यात मोठा धोका असतो. लेव्ही म्हणजे काय, आपल्या व्हिसावर काय चालतं, कुठे कायदा आडवा येतो आणि मतं पेटीपर्यंत कशी पोचवायची, ते खाली क्रमाने दिलं आहे.

१. मागणी नेमकी कशाची आहे ते समजून घ्या

पुण्या-मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात राज्याचा शिक्षण कर एका ओळीत लावलेला असतो आणि तो लावण्याआधी आपल्याला कोणी विचारत नाही. वॉशिंग्टनमध्ये मात्र स्थानिक शाळांसाठीची ही रक्कम मतदारांना विचारूनच घ्यावी लागते, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा विचारावी लागते.

मुलांच्या शिक्षणाची भरपूर तरतूद करणं हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य आहे, असं इथल्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. राज्य ते पुरेसं पाळत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मॅक्लीअरी खटल्यात दिला. त्यानंतर राज्याने पैसा वाढवला आणि २०१७ च्या कायद्याने स्थानिक लेव्हीवर मर्यादा घातली. तरीही राज्य ज्या सूत्राने पैसे देतं त्यात नर्स, समुपदेशक, विशेष शिक्षण यांचा प्रत्यक्ष खर्च भागत नाही, आणि खेळ, बँड, नाटक यांचा तर मोठा भाग स्थानिक पैशावरच चालतो. ही फट लेव्ही भरून काढते.

मतपत्रिकेवर तीन प्रकार दिसतात:

- शैक्षणिक कार्यक्रम आणि संचालन लेव्ही. मुदत जास्तीत जास्त ४ वर्षं. माणसांचे पगार आणि कार्यक्रम यातून चालतात.
- कॅपिटल किंवा तंत्रज्ञान लेव्ही. मुदत जास्तीत जास्त ६ वर्षं. लॅपटॉप, छपरं, दुरुस्ती, काही वेळा बांधकामही.
- बाँड. हे कर्ज असतं. नवी शाळा बांधायची तर बहुतेक वेळा हाच मार्ग, आणि फेड अनेक वर्षं चालते.

‘लेव्ही शिकण्यासाठी, बाँड बांधण्यासाठी’ ही इकडची जुनी खूण लक्षात ठेवा. कॅपिटल लेव्हीमुळे ती शंभर टक्के लागू होत नाही, पण नवख्याला पुरते.

मंजुरीचा आकडा दोन्हींसाठी वेगळा आहे. लेव्हीला २००७ च्या घटनादुरुस्तीपासून साधं बहुमत चालतं. बाँडला ६० टक्के लागतात, शिवाय आधीच्या सार्वत्रिक निवडणुकीत जेवढं मतदान झालं त्याच्या किमान ४० टक्के मतदान व्हावं लागतं. म्हणून ५७ टक्के ‘हो’ मिळूनही बाँड पडतो. एकाच मतपत्रिकेवर दोन्ही असतील तर प्रचारात हा फरक आधी समजावून सांगा, नाहीतर लोक “बहुमत तर दिसतंय” म्हणून बाँडच्या बाबतीत निर्धास्त राहतात.

२. तुमच्या व्हिसावर काय चालतं, काय नाही

ही पायरी घाईत वाचू नका. इथली चूक लेव्हीपेक्षा कितीतरी महागात पडते.

*अमेरिकेचे नागरिक असाल तर* मत, देणगी, लेव्हीच्या प्रचार समितीतलं पद, सगळं खुलं आहे. नागरिकत्वाची शपथ घेतली की लगेच मतदार नोंदणी करा. घर भाड्याचं असलं तरी मत आहे; मतासाठी घरमालक असावं लागत नाही. १६ आणि १७ वर्षांची नागरिक मुलं आगाऊ नोंदणी करू शकतात.

*ग्रीन कार्ड असेल तर* मत नाही. देणगी देता येते, काम करता येतं.

*एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असेल तर* मत नाही आणि देणगीही नाही. परदेशी नागरिकाने निवडणुकीत पैसा घालण्याला वॉशिंग्टनच्या कायद्याने मनाई आहे आणि त्यात लेव्हीसारखे प्रस्तावही येतात. २० डॉलरही देऊ नका, स्वतःच्या कार्डाने फलक छापून आणू नका, आणि समितीचा पैसा कुठे खर्चायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत बसू नका. मोबदला न घेता आपला वेळ देणं ही वेगळी गोष्ट आहे. शेजाऱ्यांशी बोलणं, मराठीत समजावून सांगणं, तुमच्याच शाळेबद्दल खरी माहिती देणं, यासाठी नागरिकत्व लागत नाही.

आता सापळा. या राज्यात ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. खिडकीवरची व्यक्ती भरभर विचारते, आपण मान डोलावतो. नागरिक नसताना नोंदणी झाली, किंवा कुठल्याही फॉर्मवर ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली, तर पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाचे अर्ज अडकतात आणि देशाबाहेर काढण्याचीही कारवाई होऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर सुटका होईलच असं नाही. तुमच्या नावाने मतपत्रिका आली आणि तुम्ही नागरिक नसाल तर ती भरू नका. इमिग्रेशन वकिलाशी बोला आणि मग नोंदणी रद्द करा. प्रचार करणाऱ्यांनीही दारात समोरच्याला आधी “तुम्ही नागरिक आहात का?” हे विचारूनच नोंदणीचा विषय काढावा.

नागरिकाला नोंदणीसाठी लागतं एवढंच: वॉशिंग्टनचं लायसन्स किंवा राज्य ओळखपत्र (ते नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे ४ अंक), जन्मतारीख, राहण्याचा पत्ता, टपालाचा पत्ता वेगळा असेल तर तो, आणि सही. ऑनलाइन किंवा टपालाने केलेली नोंदणी निवडणुकीच्या ८ दिवस आधी कार्यालयात पोचावी लागते. त्यानंतर काउंटीच्या निवडणूक केंद्रात स्वतः गेलात तर निवडणुकीच्या दिवशी रात्री ८ पर्यंत करता येते.

३. तारखा उलट्या मोजा

लेव्ही फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार, एप्रिलचा चौथा मंगळवार, ऑगस्टची प्राथमिक निवडणूक किंवा नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक, यांपैकी एका वेळी मांडता येते. एका कॅलेंडर वर्षात तीच मागणी दोनदाच. फेब्रुवारी का निवडतात याचं कारण शाळेच्या अंदाजपत्रकात आहे: पुढच्या वर्षी ज्या शिक्षकांना ठेवता येणार नाही त्यांना १५ मेपर्यंत नोटीस द्यावी लागते. निकाल त्याआधी हातात हवा.

समजा लेव्ही ९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. तर:

- ठराव ६० दिवस आधी, म्हणजे ११ डिसेंबर २०२६ पर्यंत काउंटीकडे जायला हवा. शाळा मंडळ, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टचा (त्या भागातल्या सरकारी शाळांचा) कारभार पाहणारी निवडून आलेली समिती, तो त्याआधी जाहीर सभेत मंजूर करतं. पालकांनी तीन-तीन मिनिटं बोलायची जागा तीच. रक्कम कमी-जास्त करायची असेल तर तीही तिथेच होते.
- मतदार पुस्तिकेत बाजूचं आणि विरोधी निवेदन लिहायला दोन छोट्या समित्या नेमतात, प्रत्येकी जास्तीत जास्त तीन माणसं. ठरावाच्या सुमारासच नावं ठरतात. चांगलं लिहिणारा माणूस त्यात गेला तर अर्धा प्रचार तिथेच होतो, कारण पुस्तिका प्रत्येक घरात जाते.
- मतपत्रिका १८ दिवस आधी, म्हणजे २२ जानेवारीला टपालात पडतात.
- ऑनलाइन नोंदणी १ फेब्रुवारीपर्यंत.
- निकालाचं प्रमाणपत्र १० दिवसांनी, १९ फेब्रुवारीला.

आणि लेव्ही पडली तर? एप्रिलची निवडणूक २७ तारखेला, म्हणजे तिचा ठराव २६ फेब्रुवारीपर्यंत द्यायचा. प्रमाणपत्रानंतर मंडळाच्या हातात जेमतेम आठवडा उरतो. ‘पडली तर एप्रिलमध्ये बघू’ असं म्हणणाऱ्याला हे कॅलेंडर दाखवा. स्नोहोमिश काउंटीतल्या मेरिसव्हिलमध्ये २०२२ साली लेव्ही फेब्रुवारीत पडली आणि एप्रिलमध्येही पडली. ती २०२३ मध्ये मंजूर झाली, पण मधल्या काळात डिस्ट्रिक्टचं अंदाजपत्रक जे कोसळलं ते लवकर सावरलं नाही.

फेब्रुवारीत मंजूर झालेला कर पुढच्या जानेवारीपासून लागू होतो आणि बिल ३० एप्रिल व ३१ ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांत भरायचं असतं. शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. त्यामुळे लेव्ही संपायच्या वर्षाच्या सुरुवातीलाच मतदान घेतलं तरी वेळ फार शिल्लक नसतो.

४. समिती आणि पैसा

बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये लेव्हीसाठी नागरिकांची समिती आधीपासून असते. नवी काढू नका, तिला जोडून घ्या. शाळा मंडळाच्या सभेत बोलणाऱ्या पालकांना विचारलं की पत्ता लागतो.

समिती नव्याने काढावीच लागली तर पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे (निवडणुकीतल्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाकडे) दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करावी लागते. हे दोन आठवडे पैसा गोळा करायचं किंवा खर्चायचं ठरलं तेव्हापासून मोजतात. पहिला चेक आला तेव्हापासून नव्हे. एक खजिनदार, एक स्वतंत्र बँक खातं, आणि प्रत्येक देणगीचं नाव, पत्ता, तारीख, रक्कम. छोट्या समित्यांसाठी सोप्या नोंदीचा पर्याय आहे. त्याची कमाल रक्कम कमिशनच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि ती ओलांडणार असं दिसलं की ओलांडण्याआधी पर्याय बदला. छापील पत्रकावर समितीचं नाव आणि पत्ता हवा.

महाराष्ट्र मंडळ, देवस्थान, पीटीए (पालक-शिक्षक संघटना) या संस्था बहुधा ५०१सी३ खाली, म्हणजे करसवलत असलेल्या ना-नफा संस्था म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांना प्रस्तावाला पाठिंबा देता येतो, कारण कायदा तो लॉबिंग धरतो आणि मर्यादेत चालवून घेतो. उमेदवाराला पाठिंबा मात्र अजिबात चालत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात लेव्हीवर पाच मिनिटं बोललात तर हरकत नाही. त्याच पाच मिनिटांत शाळा मंडळाला उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाचं नाव घेतलंत तर महाराष्ट्र मंडळाची करसवलत धोक्यात येते. कार्यकारिणीचा ठराव लिहून ठेवा आणि मंडळाने केलेल्या खर्चाचा हिशेब वेगळा ठेवा.

५. शाळेची यंत्रणा शाळेसाठीच ठेवा

सरकारी साधनं प्रचारासाठी वापरायला इथे कायद्याने बंदी आहे, आणि उत्साही पालक नेमके इथे अडकतात. डिस्ट्रिक्ट स्वतः तटस्थ माहिती देऊ शकतं: रक्कम किती, दर किती, मंजूर झाली तर काय, पडली तर काय. ‘हो म्हणा’ असं ते म्हणू शकत नाही.

म्हणून:

- शिक्षिकेच्या शाळेच्या ईमेलवर प्रचाराचं काही पाठवू नका. त्यांनी नुसतं पुढे पाठवलं तरी तक्रार त्यांच्यावर होते. त्यांचा खाजगी पत्ता मागून घ्या.
- मुलांच्या दप्तरातून प्रचाराचं पत्रक जात नाही. डिस्ट्रिक्टचं माहितीपत्रक जाऊ शकतं.
- वर्गाच्या कामासाठी शाळेकडून मिळालेली पालकांची यादी प्रचाराला वापरू नका. पालकांनी आपापसात काढलेला व्हॉट्सअॅप गट ही खाजगी गोष्ट आहे, तिथे बोला.
- शाळेच्या कॉपी मशीनवर एक पानसुद्धा काढू नका.
- तुम्ही स्वतः शहराच्या, काउंटीच्या किंवा सरकारी विद्यापीठाच्या नोकरीत असाल तर कामाच्या वेळेला आणि कामाच्या संगणकाला हाच नियम लागू आहे.

शिक्षकांनी संध्याकाळी स्वतःच्या वेळेत दारोदार फिरायला काहीच आडकाठी नाही, आणि मतदारावर त्यांच्या बोलण्याइतका परिणाम दुसऱ्या कोणाचा होत नाही.

६. आकडे पाठ करा, मग दार वाजवा

दारात प्रश्न एकच येतो: “माझे किती वाढणार?” उत्तर डॉलरमध्ये द्या.

दर मूल्यांकनाच्या प्रत्येक हजारामागे सांगतात. काउंटीने घराचं मूल्यांकन ८,००,००० डॉलर केलं आणि दर हजारी १.५० असेल, तर वर्षाला १,२०० डॉलर, म्हणजे महिन्याला १००. पण बहुतेक लेव्ही जुनी संपत आलेली लेव्ही पुढे चालवणाऱ्या असतात. जुना दर १.४० असेल तर त्या घराचा खरा फरक वर्षाला ८० डॉलर आहे. ‘नवा १,२०० डॉलरचा कर’ असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका, दोन्ही दर शेजारी लिहून दाखवा. उलट बाजूने, खरंच वाढ असेल तर ‘काहीच वाढणार नाही’ असं कधीही सांगू नका. पुढच्या वर्षी बिल येतं आणि त्यानंतरच्या लेव्हीला तो शेजारी कायमचा गमावता.

दुसरा गैरसमज: “घराच्या किमती वाढल्या की शाळेला आपोआप घबाड मिळतं.” मिळत नाही. मतदार दर मंजूर करत नाहीत, वर्षाची एकूण रक्कम मंजूर करतात. डिस्ट्रिक्टने वर्षाला ६ कोटी डॉलर मागितले आणि डिस्ट्रिक्टमधल्या मालमत्तेचं एकूण मूल्यांकन ४,००० कोटी असेल, तर दर १.५० पडतो. मूल्यांकन ५,००० कोटी झालं तर तीच रक्कम १.२० ने जमते. एखाद्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली असेल तर त्याचा वाटा जरूर वाढतो, हेही सांगा.

निवृत्त शेजाऱ्याला एक गोष्ट न विचारता सांगा. ६१ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या आणि काउंटीच्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या घरमालकाला मतदारांनी मंजूर केलेल्या या लेव्हीतून सूट मिळते. अर्ज काउंटीच्या असेसरकडे (घरांचं मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) करायचा. पात्र असूनही अर्ज न केलेले पुष्कळ असतात. त्यांचं मत काहीही असो, अर्जाचा पत्ता द्या.

काही डिस्ट्रिक्टला आणखी एक मुद्दा लागू पडतो. जिथे मालमत्तेची किंमत कमी आहे तिथे लेव्ही मंजूर झाल्यावर राज्य स्थानिक प्रयत्न साहाय्य म्हणून वरून पैसे देतं. लेव्ही पडली की तेही जातात. तुमच्या डिस्ट्रिक्टला ते मिळतं का, ते अंदाजपत्रकात पाहा. एका डिस्ट्रिक्टचा मुद्दा दुसरीकडे खपत नाही.

राज्याची मतदार यादी राजकीय कामासाठी मोफत मिळते, आणि पूर्वी कोणत्या निवडणुकांत मत दिलं तेही त्यात असतं. फेब्रुवारीत कधीच मत न देणारे पण नोव्हेंबरला देणारे पालक वेगळे काढा. सगळी संध्याकाळ त्यांच्यासाठी ठेवा. ठाम विरोधकाशी वीस मिनिटं वाद घालण्यात तीन अशी घरं निसटतात. ही यादी धंद्यासाठी वापरणं गुन्हा आहे, त्यामुळे रिअल इस्टेटवाल्या मित्राला प्रत देऊ नका.

पत्रक दाराच्या मुठीला अडकवा किंवा हातात द्या. तिकीट न लावता टपालपेटीत टाकणं संघराज्याच्या कायद्याविरुद्ध आहे. फलक मालकाला विचारून त्याच्या अंगणात लावा. विजेच्या खांबावर आणि दुभाजकावर नको. घरमालक संघाचे फलकांचे नियम आधी वाचा.

७. मतपत्रिका पेटीत पडेपर्यंत

‘हो, देणार आहे’ हे मत नव्हे. चुका ठरलेल्या आहेत:

*सही राहते.* पाकिटावरच्या शपथपत्रावर सही लागते, आतल्या कागदावर नको. ती नोंदणीतल्या सहीशी जुळवून पाहतात. लायसन्सवर देवनागरीत सही केली असेल तर इथेही देवनागरीतच करा.

*घरातल्या एकाने सगळ्यांच्या सह्या केल्या.* हे आपल्याकडे सर्रास होतं. प्रत्येकाने आपल्याच नावाच्या पाकिटावर, स्वतःच सही करायची.

*शेवटच्या दिवशी टपालात टाकली.* पाकिटाला तिकीट लागत नाही, पण निवडणुकीच्या दिवसाचा किंवा आधीचा शिक्का हवा. संध्याकाळी टाकलेल्या पत्रावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसू शकतो आणि मत बाद होतं. शेवटच्या चार-पाच दिवसांत टपालपेटी विसरा, काउंटीच्या मतपेटीत टाका. ती बरोबर रात्री ८ ला बंद होते.

*माणूस भारतात आहे.* फेब्रुवारीत लग्नासाठी गेलेली घरं थोडी नसतात. जाण्याआधी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला कळवा. परदेशातल्या मतदारांना मतपत्रिका लवकर पाठवतात आणि ऑनलाइनही मिळवता येते.

पाकीट दिल्यानंतर राज्याच्या मतदार संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकून ते पोचलं का, सही मान्य झाली का, हे पाहता येतं. सही जुळली नाही तर काउंटी पत्र पाठवते. निकालाचं प्रमाणपत्र निघायच्या आदल्या दिवसापर्यंत फॉर्म भरून दिला तर मत मोजलं जातं. ते पत्र जाहिरातीसारखं दिसतं आणि कचऱ्यात जातं, म्हणून निवडणुकीनंतरचा आठवडाभर ओळखीच्या सगळ्यांना स्थिती तपासायला लावा. चुरशीची लेव्ही अशा पाकिटांवर तरते.

८. मंगळवारी रात्री आणि त्यानंतर

पहिली मोजणी ८ नंतर लागते. ती फक्त आधी आलेल्या मतपत्रिकांची असते. पुढचे काही दिवस आकडा हलतो, त्यामुळे ४९.६ टक्के पाहून हार मानू नका आणि ५०.४ पाहून सह्या दुरुस्त करायचं काम थांबवू नका.

मंजूर झाली तर फलक दोन दिवसांत काढा, समितीचा शेवटचा अहवाल भरा, उरलेल्या पैशाचं काय करायचं ते नियमाप्रमाणे ठरवा. स्वयंसेवकांची यादी आणि कोणत्या गल्लीत कोणी काय विचारलं याची टिपणं पुढच्या खजिनदाराकडे द्या. चार वर्षांनी निम्मी माणसं गाव बदललेली असतात.

पडली तर पुढे काय, यासाठी शाळा मंडळाची सभा होते. तिला जा. रक्कम तीच ठेवायची, कमी करायची की नोव्हेंबरपर्यंत थांबायचं, हा निर्णय तिथे होतो, आणि सभागृहात बसलेल्या पालकांची संख्या सदस्य मोजतात.